गिऱ्हाईक परत पाठवणारं वाक्य

गेल्या महिन्यात जळगावात व्यापाऱ्यांच्या एका बैठकीला गेलो होतो. पुण्याहून आलेल्या एका तरुण वक्त्याने पडद्यावर चढते आलेख दाखवले आणि सांगितलं की रोज एक रील, आठवड्याला एक लेख, महिन्याला एक लांब व्हिडिओ, एवढं केलं नाही तर पाच वर्षांनी तुमच्या दुकानाला कुलूप लागेल. 'जो दिखता है, वो बिकता है' हे वाक्य त्याने तीनदा म्हटलं. त्याचं संपताच सराफ बाजारातले एक काका उठले. म्हणाले, "आजोबांपासूनची पेढी आहे आमची. आजवर एक ओळ छापली नाही. माल चोख असला की गिऱ्हाईक आपोआप येतं. आणि धंद्यातलं सगळंच जगाला सांगत बसलो तर आम्ही काय खायचं?" टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. नंतर शेवभाजीच्या पंगतीत दोन तट पडले, एकमेकांची यथेच्छ टिंगल झाली आणि रात्री त्यांच्या ग्रुपवर तीच पुढे चालू राहिली. मी वीसेक वर्षं दुकानदारांना मजकूर लिहून देण्याचं काम करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना मी आपल्यातलाच वाटत होतो. एकाला, मी लिहितो म्हणून; दुसऱ्याला, मी कुरकुरतो म्हणून.

वाद तावातावाने झाला, पण चुकीच्या जागी झाला. लिहावं की लिहू नये, यावर दोन तास गेले. काय लिहावं, कोणासाठी लिहावं आणि लिहिलेलं चुकलं तर कोणी निस्तरावं, हे कोणी विचारलंच नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धंद्याने प्रकाशन जरूर करावं, पण मग ते प्रकाशकासारखं करावं. आपल्याकडून कधीच काही घेणार नाही अशा माणसालाही उपयोगी पडेल असं छापावं. चुकलं तर चुकलं म्हणून तेवढ्याच ठळकपणे सांगावं. आणि वेळ येईल तेव्हा गिऱ्हाईकाला 'आज घेऊ नका' असं लिहायची तयारी ठेवावी. हे शेवटचं जमणार नसेल तर बाकीच्या खटाटोपाला जाहिरात म्हणावं आणि सरळ जाहिरातीचे पैसे मोजावेत. त्यात कमीपणा काहीच नाही. तुमच्या मजकुरामुळे आजवर तुमची एक तरी विक्री बुडाली आहे का? नसेल, तर लोक तुमचं लिहिलेलं जाहिरात म्हणूनच वाचतात, तुम्ही त्याला कोणतंही भारदस्त नाव द्या.

काकांचा 'एक ओळ छापली नाही' हा दावा मला तिथेच खोडावासा वाटला होता, पण वयाचा मान ठेवला. त्यांच्या पेढीची दिनदर्शिका माझ्या आईच्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षं खिळ्याला टांगलेली होती. वर पेढीचं नाव, खाली तिथी-वार, एकादशी, चतुर्थी, आणि चौकोनाचौकोनात आईने पेन्सिलीने टिपलेला दुधाचा हिशोब. त्या पेढीतून आम्ही सोनं क्वचितच घेतलं असेल, पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ते नाव आमच्या डोळ्यांसमोर होतं. हे प्रकाशन नाही तर काय आहे? आपल्याकडचा व्यापारी छापत आलाच आहे. फक्त दिनदर्शिकेत जे शहाणपण होतं ते फ्लेक्समध्ये हरवलं. दिनदर्शिका घेणाऱ्याच्या कामाची होती. फ्लेक्सवर मालकाचा गॉगल घातलेला फोटो आणि 'तमाम खान्देशवासीयांना हार्दिक शुभेच्छा' असतात, त्या कोणाच्या कामाच्या? रोज एक रील म्हणजे पुष्कळदा हलता-बोलता फ्लेक्सच असतो. तरुण वक्त्याला हे दिसत नाही आणि काकांना आपण कधीकाळी काय चांगलं केलं होतं ते आठवत नाही.

जुनं उदाहरण घ्यायचं तर आपल्याच भाषेत एक असं आहे की त्यापुढे परदेशी दाखले फिके पडावेत. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, ते कारखान्याचं माहितीपत्रक म्हणून. कारखाना लोखंडी नांगर करत होता. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत घट्ट होती आणि सुरुवातीच्या काळात नांगर खपता खपत नव्हते. अशा वेळी 'आमचा नांगर उत्तम' असं शंभरदा ओरडून काय उपयोग होता? समजूत बदलायला हवी होती, आणि समजूत घोषणेने बदलत नाही, पुन्हापुन्हा समजावून सांगण्याने बदलते. शंकरराव किर्लोस्करांनी त्या पत्रकाची पानं हळूहळू नांगराच्या पलीकडे नेली. शेती, उद्योग, सुधारणा, घरसंसार असं सगळं त्यात येऊ लागलं. पुढे 'खबर' हा शब्द गळून पडला, मासिक उरलं, त्याला १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी भावंडं झाली. ज्या बाईला आयुष्यात नांगर विकत घ्यायचा नव्हता तिच्याही घरात एका नांगरवाल्याचं नाव आदराने घेतलं जाऊ लागलं. गंमत अशी की अमेरिकेत जॉन डिअर या कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी जे नियतकालिक काढलं त्याचं नाव 'द फरो', म्हणजे नांगराचं तास, आणि तीही नांगरवालीच. ते आजही निघतं. दोन खंडांत दोन नांगरवाले छापखान्याकडे वळले, यात योगायोग किती आणि कारण किती?

मला त्यात कारण दिसतं, आणि ते या वादात कोणीच मांडलं नाही. नांगर, बियाणं, ठिबक, पंप, विमा, औषध या वस्तू अशा आहेत की नुसत्या घेऊन भागत नाही, वापरता याव्या लागतात. वापर चुकला की दोष वस्तूला लागतो. अशा वस्तूच्या विक्रेत्याला समजावून सांगणं हा मालाचाच भाग आहे. मिठाची पुडी विकणाऱ्याला सांगण्यासारखं फारसं काही नसतं, आणि त्याने रोज रील करायची म्हटली की नाच-गाण्याकडे वळावंच लागतं. खान्देशात ठिबक सिंचन रुजलं ते काय छापील जाहिरातीने? १९८० च्या दशकाच्या अखेरीस भवरलाल जैन यांच्या कंपनीने जळगावातून ठिबकचं काम उभं केलं तेव्हा पाटाने पाणी सोडणाऱ्या शेतकऱ्याला थेंबाथेंबाने भागतं हे पटणं अवघडच होतं. टेकडीवरच्या शेतात गाड्या भरून शेतकरी आणले गेले, त्यांना नळी हातात धरून दाखवली गेली, बाग दाखवली गेली. पुढे ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या टिश्यू कल्चर रोपांचं तेच झालं. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन्ही हंगामांच्या लागवडी पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला बाटलीत वाढवलेलं रोप विकत घे म्हणणं सोपं नव्हतं. कंद तर शेजाऱ्याच्या बागेतूनही मिळत होते. दाखवलेलं शेतही माझ्या लेखी प्रकाशनच आहे, कागद फक्त जमिनीचा. तेव्हा पहिला सल्ला असा की सगळ्या धंद्यांनी एकाच मापाचा सदरा शिवू नये. ज्याच्याकडे समजावण्यासारखं आहे त्याने समजावावं. बाकीच्यांनी माल चांगला ठेवावा, तराजू सरळ धरावा आणि गिऱ्हाईकाशी नीट बोलावं.

आता काकांच्या बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत, आणि 'जुन्या विचारांची माणसं' म्हणून त्यांना झटकून टाकणाऱ्यांनी कधी गल्ल्यावर बसून पाहावं. सकाळी साडेआठला शटर उघडणारा, दुपारी मालाची गाडी उतरवून घेणारा, रात्री हिशोब लिहिणारा माणूस लेख कधी लिहिणार? शिवाय आपल्या भागातलं एक उघड सत्य आहे: निविष्ठांचा, म्हणजे बियाणं-खत-औषधांचा, बहुतेक धंदा उधारीवर चालतो. जूनमध्ये बियाणं-खत नेलेला शेतकरी कापूस विकला की पैसे देतो. तो त्याच दुकानात जातो कारण तिथे त्याचं नाव वहीत आहे. तुम्ही कितीही सुरेख मार्गदर्शन छापा, उधार देत नसाल तर तो ते वाचेल आणि उधार देणाऱ्याकडे जाईल. आणि रोखीचा असेल तर वाचून दुसऱ्या गावी तीस रुपये कमी पडतात तिथे जाईल. फुकट सांगितलेलं ज्ञान शेजारच्या दुकानदारालाही फुकटच मिळतं. हे सगळं खरं आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

पण यातून 'म्हणून लिहू नये' हे निघतं का? उधारी गिऱ्हाईकाला बांधते, पण तो बांधलेला आहे म्हणून आपला आहे असं समजणं हा धंद्यातला जुना भ्रम आहे. ज्या वर्षी भाव बरा मिळतो आणि हातात रोख येते, त्या वर्षी तो कुठल्या दुकानाची पायरी चढतो ते पाहा. तिथे कळतं वही जिंकली की विश्वास. दुसरं, गुपिताबद्दल. आजच्या काळात दुकानदाराकडे गुपित म्हणून उरलंय काय? औषधातला घटक डब्यावर छापलेला असतो, किंमत मोबाईलवर दिसते, केळीचे भाव रावेर आणि बऱ्हाणपूरचे रोज ग्रुपवर फिरतात. जे आधीच उघडं आहे त्यावर झाकण धरून बसण्यात हात तेवढे दुखतात. उरतो तो दुकानदाराचा अनुभव: कोणत्या गावच्या जमिनीत काय चालतं, कोणत्या वर्षी काय फसलं. शेजाऱ्याने तो उचलला तरी पुढच्या आठवड्यातला अनुभव त्याच्याकडे नसतो. वेळेचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच 'रोज एक' हा आकडा मला घातक वाटतो. महिन्यात सांगण्यासारख्या दोनच गोष्टी घडल्या असतील तर दोनच सांगा. अठ्ठावीस दिवस गप्प बसलेल्या दुकानाचं दोन दिवस लोक ऐकतात.

काकांना मी नंतर एकदा त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. जळगावची ओळख सुवर्णनगरी, चोख सोन्याची. पण दागिना मोडायला आणलेल्या बाईला पेढीवर गेल्यावर जे कळतं ते आधी कुठे कळतं? घडणावळ किती, घट किती धरणार, खड्यांचं वजन वजा कसं होणार, मोड देताना दर कोणता, आजचा की कमी केलेला? १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, असल्याशिवाय तो विकता येत नाही आणि तो क्रमांक सरकारी 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून कोणालाही पडताळता येतो. ही गोष्ट किती पेढ्यांनी आपल्या गिऱ्हाईकाला आपणहून दाखवली? एखाद्या पेढीने घट आणि मोडीचा हिशोब एका पानावर, उदाहरणासह, मोठ्या टायपात छापून वाटला तर काय होईल? काही बायका तो कागद घेऊन शेजारच्या पेढीत भाव करायला जातील. जाऊ देत. पण तो कागद ज्याच्या नावाचा आहे ते नाव प्रत्येक पेढीच्या गल्ल्यावर पोचेल, तेही गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या हाताने. काका हसले. म्हणाले, "तुम्हाला सोपं आहे, तुमची पेढी नाही." हेही खरंच.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा बैठकीत आलाच नाही, तो मीच मांडतो. धंद्याने दिलेली माहिती ही शेवटी वेशांतर केलेली जाहिरात नाही का? ज्याचा नफा गुंतलेला आहे त्याने सल्लागाराचा अंगरखा घालावा हे मुळातच घातक नाही का? इतिहास या शंकेच्या बाजूने उभा आहे. डालडाने पाककृतींची पुस्तकं काढली, गावोगाव गाड्या फिरवून रांधून दाखवलं. त्या पाककृती खोट्या नव्हत्या, गृहिणीला उपयोगीच होत्या. पण वनस्पती तुपाचं शरीरात काय होतं हा प्रश्न त्या पुस्तकांत कुठून येणार? वनस्पती तूप आपल्याला परकं नव्हे. आज जगभर नाव असलेल्या विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरलाच वनस्पती तेल-तुपाच्या कारखान्याने झाली, आणि त्या काळी ते प्रगतीचं चिन्हच होतं. त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला अपायकारक चरबीवर, आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ पासून. म्हणजे उपयोगी आणि प्रामाणिक मजकूरही अर्धं सत्य झाकू शकतो, लिहिणाऱ्यालाही न कळता. बाळांच्या दुधाच्या पावडरीचं उदाहरण याहून टोकाचं. तिथे कंपन्यांचं 'मार्गदर्शन' इतकं पसरलं की १९९२ च्या कायद्याने जाहिरातीवर बंदी घातलीच, पण माहितीपर साहित्यावरही अटी लादल्या. कायद्यानेच मान्य केलं की माहिती हे जाहिरातीचं सर्वांत प्रभावी रूप असू शकतं.

या मुद्द्यापुढे मी अर्धा नमतो. आरोग्य, बाळाचं पोषण, आजारावरचे उपचार अशा ठिकाणी विक्रेत्याने गुरू होऊ नये, एवढं मला मान्य आहे. पण बाकी ठिकाणी पर्याय काय आहे तेही पाहायला हवं. दुकानदार गप्प बसला म्हणून माहितीची जागा रिकामी राहत नाही. ती भरतो पैसे घेऊन बातमीच्या वेशात आलेला मजकूर. २००९ च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'वर एवढं वादळ उठलं की २०१० मध्ये प्रेस कौन्सिलला त्यावर अहवाल काढावा लागला, आणि ती खोड राजकारणापुरती कधीच नव्हती. ती जागा भरतो पैसे घेऊन 'मी स्वतः वापरून पाहिलं' म्हणणारा रीलवाला, ज्याच्यासाठी २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेला आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारला 'पैसे घेतलेत तर तसं लिहा' असे नियम करावे लागले. या सगळ्यांच्या तुलनेत दुकानाच्या पाटीखाली, दुकानाच्या नावाने लिहिलेलं वाक्य निदान चेहरा उघडा ठेवून बोलतं. वाचणाऱ्याला ठाऊक असतं की हा माणूस विकतो. तो त्या हिशोबानेच त्यावर विश्वास ठेवतो. फसवणूक होते ती नाव लपवल्यावर. आणि अर्ध्या सत्याचा रोग टाळायचा तर उपाय आहे: सल्ला कुठून घेतला ते त्याच ओळीत सांगणं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, ममुराबाद किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं आहे, की नुसता माझा अंदाज आहे? तिसरं असेल तर तसं लिहिण्यात लाज कसली?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. चार-पाच वर्षांपूर्वी एका कृषी केंद्रासाठी मी मोबाईलवर पाठवायचा मजकूर लिहून देत होतो. कपाशीवरच्या तुडतुड्यांसाठी एका औषधाची मात्रा लिहायची होती. माहितीपत्रकात ती दहा लिटर पाण्याला दिली होती. मी विचार केला, शेतकरी लिटरच्या भाषेत कुठे बोलतो, तो पंपाच्या भाषेत बोलतो. म्हणून मोठ्या ऐटीत 'प्रति पंप' लिहून टाकलं. पंप असतो पंधरा-सोळा लिटरचा. औषध पातळ झालं, तुडतुडे तसेच राहिले, मजुरी आणि औषध दोन्ही वाया गेलं. पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "भाऊ, तुमनं वाचीसन फवारणी करी मी. आते काय करू?" आम्ही दुरुस्ती पाठवली, पैसेही मालकाने भरून दिले. पण पहिला मजकूर तोवर एरंडोल, पारोळा, धरणगाव करत किती ग्रुपांत शिरला होता देव जाणे. सहा महिन्यांनी माझ्या मावसभावाने तोच मला 'उपयुक्त माहिती' म्हणून पाठवला, माझ्याच हिरव्या चौकटीसकट. दुरुस्ती मला आजवर कोणीही पुढे पाठवलेली नाही. चूक घोड्यावर बसते आणि दुरुस्ती पायी निघते, हे वर्तमानपत्रवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून तिथे मजकूर तपासायला दुसरा माणूस ठेवायची पद्धत पडली. दुकानदाराने प्रकाशक व्हायचं तर हा दुसरा डोळा ठेवावा लागतो. गावातला निवृत्त कृषी सहायक चालेल, गणिताचे गुरुजी चालतील. 'रोज एक'च्या घाईत पहिला बळी याचाच जातो.

त्या घाईला आता नवीन इंधन मिळालं आहे. महिन्याचे तीस मजकूर यंत्राकडून एका दुपारी लिहून घेता येतात, आणि लोक घेतायत. वाचून पाहा. सगळ्यांची सुरुवात 'शेतकरी बंधूंनो'ने होते, सगळ्यांत 'योग्य प्रमाणात खत द्या' असतं, आणि योग्य प्रमाण म्हणजे किती ते कशातच नसतं. बियाणेवाल्याचं नाव काढून सिमेंटवाल्याचं टाकलं तरी चालेल असा तो गुळगुळीत मजकूर. बिनचूक असूनही निरुपयोगी असणं ही एक नवीनच कला निघाली आहे. याला उतारा एकच, आपल्या गल्ल्यावर आलेले प्रश्न. माझ्या ओळखीच्या एका पंपवाल्याने वही ठेवली आहे. गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत टिपतो. 'मोटर गुणगुण करते, पाणी चढत नाही', 'रात्रीची लाइट येते तेव्हाच का जळते'. त्यातला एक प्रश्न तो पंधरा दिवसांनी उचलतो आणि हातात उघडी मोटर धरून उत्तर देतो, पाच मिनिटं, अर्धं अहिराणीत. त्याचं यश तो मोजतो तेही वेगळ्याच मापाने: आवडलं म्हणणारे किती हे तो पाहत नाही, तोच प्रश्न घेऊन येणारे कमी झाले का ते पाहतो. त्या मापाने त्याचं दुरुस्तीचं काम थोडं घटलंय, हेही तो हसत सांगतो.

आणखी एक सावधगिरी, थोडक्यात. मोबाईलवरच्या या सगळ्या जागा बटाईच्या आहेत. जमीन दुसऱ्याची, घाम आपला, आणि वाटा किती द्यायचा हे मालक दरवर्षी नव्याने ठरवणार. जून २०२० मध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं तेव्हा खान्देशातल्या किती पोरांचे लाखो चाहते हवेत विरले ते आठवा. बटाईने शेती करू नये असं कोणी म्हणणार नाही, पण निदान एक तुकडा आपला असावा: गिऱ्हाईकांच्या परवानगीने जमवलेले नंबर, एक छापील पान, एक भिंत.

भिंतीवरून आठवलं. धरणगाव तालुक्यातल्या एका गावात माझ्या मित्राचं कृषी केंद्र आहे. ते मोबाईलच्या वाटेला फारसं जात नाही. दाराशेजारी शाळेतून भंगारात काढलेला एक फळा टांगलेला आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली, तेव्हापासून तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यावर एकच गोष्ट लिहितो. गावाभोवतीच्या चार शेतांत एकरी दोन या हिशोबाने कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावलेले आहेत. सकाळी मोटरसायकलवर जाऊन तो सापळ्यांतले नर पतंग मोजतो आणि सरासरी फळ्यावर टाकतो. खाली कायमची ओळ, ऑइलपेंटने लिहिलेली: 'सलग तीन रात्री सापळ्यात रोज ८ पतंग आले तरच फवारा.' हा आकडा त्याचा नाही, कापूस संशोधनवाल्यांचा आहे, आणि तसं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं आहे. आकडा आठाच्या खाली असतो तोवर तो फळा रोज सकाळी गिऱ्हाईक परत पाठवतो. शेतकरी येतात, वाचतात, तंबाखू मळतात आणि घरी जातात. काहींची उधारी शेजारच्या दुकानात असते. तेही वाचून जातात.

मागच्या हंगामात मी तिथे बसलो होतो तेव्हा एका औषध कंपनीचा माणूस आला. फळा वाचला, आत आला, चहा घेतला. म्हणाला, "दादा, खालची ओळ राहू द्या, पण वरचा आकडा रोज कशाला? महिनाअखेर आहे, टार्गेट बाकी आहे." मित्र म्हणाला, "तुमचंही आहे, माझंही आहे." मागे गोदामात खोकी छतापर्यंत रचलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मागे बसून मीही शेतात गेलो. सापळ्याची पिशवी त्याने उघडली, पतंग तळहातावर पसरले, एकेक बोटाने बाजूला सारत मोजले, एक अर्धवट पंखाचा होता, तो धरायचा की नाही यावर थोडा थांबला आणि धरला. सगळ्या सापळ्यांची बेरीज करून सापळ्यांच्या संख्येने भागलं. परत येऊन ओल्या फडक्याने कालचा ५ पुसला आणि ७ लिहिला.